वाकड्या टेबलावर घट्ट रॅक

पूल, म्हणजे टेबलावर काठीनं बॉल मारायचा तो खेळ, शिकायला आलेला माणूस पहिले दोन महिने क्यूच्याच, म्हणजे त्या काठीच्याच, मागे असतो. क्यू कसा धरायचा, चॉक किती लावायचा, वाकायचं किती. रॅक, म्हणजे पंधरा बॉलची त्रिकोणी मांडणी, कुणीतरी लावून देतं, हा ब्रेक, म्हणजे ती फोडणारा पहिला फटका, मारतो, चार-पाच बॉल इकडे-तिकडे जातात, बाकीचे दहा जागच्या जागी गठ्ठा करून बसतात, आणि हा आपल्या मनगटाला दोष देत परत रांगेत उभा राहतो. मीही तेच केलं. इंदूरला राजवाड्यापासून फार लांब नसलेल्या एका गल्लीत, तळमजल्यावर तीन टेबलं टाकलेली जागा आहे. तिथल्या मार्करनं, म्हणजे टेबलं सांभाळणाऱ्यानं, एकदा माझा असा मेलेला ब्रेक पाहिला, बॉल गोळा केले, स्वतः रॅक लावला आणि म्हणाला, "अब मारो भिया. हाथ ठीक है आपका, रॅक में हवा थी." त्याच हातानं, तितक्याच जोरानं मारलं. बॉल चारी कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडांना, जाऊन आले.

ही हवा, म्हणजे बॉलमधल्या फटी, काढायची कशी, ते इथे सांगतो. नवं टेबल, नवं कापड, नवे बॉल असतील तर हा लेख वाचायची गरज नाही. तिथे रॅक आपोआप बसतो. पण आपल्यापैकी बहुतेकजण तासाच्या दरानं ज्या टेबलांवर खेळतो, ती अशी नसतात.

मराठी घरात वाढलेल्याला घट्ट मांडणी नवी नाही. कॅरमवर राणी मधोमध, तिच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा, आणि मग दोन्ही तळहातांनी सगळं आवळायचं. पण सोंगटी चपटी असते, बसवली तिथे बसते. बॉल कापडाला टिंबाएवढ्या जागेत टेकलेला असतो. जरा खळगा मिळाला, जरा उतार मिळाला की हात निघाल्याबरोबर तोही निघाला. आवळायला कुणालाही जमतं. आवळलेलं हात काढल्यावर तसंच राहील, हे बघणं म्हणजे रॅक लावणं. नवशिक्यांना हे कुणी सांगत नाही, म्हणून ते नुसते जोर लावत राहतात.

कुठली फट महाग पडते

पंधरा बॉलच्या त्रिकोणात बॉल एकमेकांना तीस ठिकाणी टेकतात. पुढच्या रांगेपासून मोजून बघा, तीसच भरतात. तीसच्या तीस जागी टेकणं मात्र जवळपास अशक्य आहे. पूलच्या बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर, आणि नियमानं त्यात ०.१२७ मिलिमीटर कमी-जास्त चालतं. म्हणजे नव्या, नियमात बसणाऱ्या दोन बॉलमध्येसुद्धा पाव मिलिमीटरपर्यंत फरक असू शकतो. साधा वहीचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. वापरून झिजलेल्या बॉलची गोष्ट तर सोडाच.

तेव्हा सगळ्या फटी मिटवायचा हट्ट धरू नका. कुठल्या मिटल्याच पाहिजेत, ते ओळखा. क्यूनं मारलेला पांढरा बॉल येऊन आदळतो तो सगळ्यांत पुढच्या बॉलवर. हा पुढचा बॉल मागच्या दोघांना एकाच वेळी टेकलेला असेल तर धक्का दोन्हीकडे सारखा वाटला जातो. एकाला टेकलाय आणि दुसऱ्यापासून केसभर लांब आहे, तर धक्का आधी टेकलेल्या बाजूला जातो. ती बाजू उघडते, दुसरी बाजू झोपून राहते. म्हणून पुढच्या बॉलचे ते दोन स्पर्श सगळ्यांत मोलाचे. त्यानंतर दुसऱ्या रांगेतले दोघे एकमेकांना, आणि ते दोघे तिसऱ्या रांगेला. शेवटच्या रांगेत कोपऱ्याचा बॉल अर्धा मिलिमीटर सरकला तर एट बॉलमध्ये, म्हणजे पंधरा बॉलच्या नेहमीच्या खेळात, मी दुर्लक्ष करतो. टाइम चालू असतो, आणि हरणाऱ्यानं टेबलाचे पैसे द्यायचे असतील तर समोरचाही घाईत असतो.

आधी बॉल

बॉल घाण असतील तर पुढचं सगळं फुकट. चॉकची पूड, हाताचा घाम, आणि क्यू घसरावा म्हणून हाताला फासलेली पावडर, या तिन्हींचा मिळून बॉलवर एक चिकट थर बसतो. असे दोन बॉल एकमेकांवर दाबले तर ते सरकून आपल्या जागी बसत नाहीत, अर्ध्यात अडकतात. वरून दिसायला टेकलेले, हात काढला की सैल. २०१७ ते २०२३ वर्षामागून वर्ष स्वच्छतेत देशात पहिलं आलेलं आमचं शहर, पण पूलचे बॉल पुसायला कुणाला सुचत नाही! रंगपंचमीच्या गेरनंतर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतर, दोन दिवस तर पांढरा बॉल गुलाबीच असतो.

कोमट पाण्यात साध्या साबणाचा एखादा थेंब, त्यात मऊ कापड भिजवून घट्ट पिळायचं, बॉल पुसायचे, लगेच कोरड्या कापडानं परत पुसायचे. बस. भांड्यांची घासणी, भांड्यांची पावडर, पेट्रोल, काहीही नको. रोज जमणार नसेल तर निदान खेळायला सुरुवात करण्याआधी पंधराही बॉल कोरड्या कापडात फिरवून घ्या. पाच मिनिटं जातात.

पुसताना बॉलची मापंही बघून घ्या. चांगले बॉल फिनॉलिक रेझिनचे असतात. बेल्जियमचे अ‍ॅरामिथ हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. ते वर्षानुवर्षं टिकतात. स्वस्त पॉलिएस्टरचे लवकर झिजतात. पण खरी पंचाईत असते ती मिसळीची. पाच नंबर हरवला, दुसऱ्या सेटमधला पाच आणून टाकला. रंग जुळतो, माप जुळत नाही. ओळखायला सोपी युक्ती आहे. तीन बॉल कुशनला टेकवून शेजारी-शेजारी ठेवा, संशयित मधे. वर स्टीलची फूटपट्टी आडवी ठेवा. मधला लहान असेल तर पट्टीखाली उजेड दिसतो. मोठा असेल तर पट्टी त्याच्यावर झोपाळ्यासारखी डुगडुगते. जागा सपाट हवी, नाहीतर पट्टी टेबलाचाच दोष सांगायची. दोन-तीन ठिकाणी करून बघा.

असा वेगळ्या मापाचा बॉल सापडला तर तो फेकून द्यायचा अधिकार आपल्याला नसतो. त्याला शेवटच्या रांगेत ठेवायचा, कोपऱ्यात नाही आणि मधेही नाही. पुढच्या तीन रांगांत तर कधीच नाही.

मग कापड

मोबाइलचा टॉर्च लावा आणि मोबाइल कापडावर जवळजवळ आडवा धरा. वरून पाहिलेलं कापड गुळगुळीत वाटतं. आडव्या उजेडात त्याचं खरं तोंड दिसतं. रॅकच्या जागी छोटे गोल खळगे दिसतील, प्रत्येकाच्या एका कडेला सावली. वर्षानुवर्षं तिथेच बॉल ठेवून, दाबून, ठोकून झालेले. ब्रेकच्या जागेपासून रॅककडे येणारे पांढुरके पट्टेही दिसतील. ते जोरात घसरत गेलेल्या पांढऱ्यानं कापड भाजल्याच्या खुणा आहेत, त्यांचा रॅकला त्रास नाही.

आता ब्रश. कापड ब्रेकच्या बाजूकडून रॅकच्या बाजूकडे, सरळ रेषेत, हलक्या हातानं झाडायचं. गोल गोल नाही, मागे-पुढे नाही. आपल्याकडे बऱ्याच पूल टेबलांवर स्नूकरसारखं लव असलेलं कापड लावलेलं असतं. त्याची लव एका दिशेनं झोपलेली असते. उलटं झाडलं की ती उभी राहते आणि बॉल तिच्यावर टेकायला बघतो. (स्नूकर आपल्याच मध्य प्रदेशात, जबलपूरला, १८७५ साली लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये जन्मलं. त्याचा असा थोडा सासुरवास पूलवाल्यांना सोसावा लागतो. कापड त्यांचं, नजरही जरा वरून.)

रॅकचा स्पॉट, म्हणजे पुढचा बॉल ठेवायची जागा, बघा. तिथे काळं गोल स्टिकर असतं. जुनं निघेना म्हणून त्यावर नवं, त्यावर आणखी एक, असे तीन-तीन थर मी पाहिलेत. त्या चबुतऱ्यावर पुढचा बॉल नीट बसत नाही, काठावरून कलतो. मार्करला सांगून थर काढून घ्या, एकच ठेवा. स्टिकरच नसेल तर जागा शोधायला दोन क्यू पुरतात. लांब कुशनवर जे ठिपके असतात, त्यांतला रॅकच्या बाजूच्या कोपऱ्याकडून दुसरा धरा. डावीकडच्या दुसऱ्यापासून उजवीकडच्या दुसऱ्यापर्यंत एक क्यू आडवा. रॅकच्या मागच्या कुशनच्या मधल्या ठिपक्यापासून समोरच्या कुशनच्या मधल्या ठिपक्याकडे दुसरा. ते एकमेकांना छेदतात तिथे स्पॉट.

उतार तपासायला पाणसळ असेल तर उत्तम, नसेल तर एक स्वच्छ बॉल. रॅकच्या जागेवरून तो अगदी सावकाश, चारी दिशांना सोडून बघा. शेवटच्या वीतभर अंतरात तो कुठे वळतो, तिकडे उतार. इथे माळव्याचा एक खास त्रास आहे. खाली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तळमजल्याची फरशी तिच्याबरोबर किंचित हलते. पाटीचं दगडी टेबल मोठं जड असतं, पाय खचायला वेळ लागत नाही. आमच्या त्या जागी मे महिन्यात सरळ असलेलं टेबल गणपती येईतो डावीकडे झुकलेलं असतं. पायांना खाली फिरवायचे बोल्ट असतात, पण त्यांना हात घालू नका. एक पाय उचलला की पाटीचे सांधे बोलायला लागतात. ते टेबल बसवणाऱ्याचं काम. आपण फक्त उतार कुठल्या बाजूला आहे, एवढं लक्षात ठेवायचं; पुढे उपयोगी पडतं.

लावणं

ट्रँगल, म्हणजे बॉल भरायची त्रिकोणी चौकट, आधी हातात घेऊन बघा. लाकडी असेल तर सपाट जागी ठेवून कोपरे दाबा, डुगडुगतो का. पावसाळ्यात लाकूड फुगून सांधे ढिले होतात. प्लॅस्टिकचा असेल तर बाजू चिमटीत दाबून बघा, किती लवतात. जितका लवतो तितका वाईट. जिथे स्नूकर आणि पूल दोन्ही खेळतात तिथे घाईत भलताच ट्रँगल हातात येतो. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा, त्याच्या मापाच्या ट्रँगलमध्ये पूलचे पंधरा मावतच नाहीत. उलटं झालं तर कळत नाही, सगळं नुसतं सैल राहतं.

एट बॉलचा क्रम थोडक्यात: तिसऱ्या रांगेत मधोमध आठ. शेवटच्या रांगेच्या दोन कोपऱ्यांत एक अखंड रंगाचा आणि एक पट्ट्याचा. बाकी कुठलाही कुठेही.

बॉल भरले की ट्रँगल स्पॉटच्या वीतभर मागे, कुशनच्या बाजूला घ्या आणि तिथून सावकाश पुढे सरकवत स्पॉटवर आणून थांबवा. ट्रँगल थांबतो, बॉल त्याच ओघात पुढे घरंगळून टोकाकडे जमा होतात. काहीजण चार-पाच वेळा पुढे-मागे, पुढे-मागे खडखड करतात. त्यानं काही होत नाही, कापड तेवढं घासलं जातं. शेवटची हालचाल पुढे झाली पाहिजे, मागे नाही. हे मात्र सोडू नका.

आता टेबलाच्या मागे उभं राहा, खाली वाका, डोळा मधल्या रेषेवर आणा. पुढचा बॉल, आठ, आणि शेवटच्या रांगेतला मधला, हे तिन्ही मागच्या कुशनच्या मधल्या ठिपक्याशी एका रेषेत दिसले पाहिजेत. शेवटची रांग कुशनला समांतर. रॅक घट्ट आहे पण तिरका आहे, हाही दोषच.

मग बोटं. दोन्ही हात मागच्या दांडीवरून आत घालायचे. डाव्या हाताची दोन बोटं डावीकडच्या दोन बॉलच्या मागे, उजव्याची दोन उजवीकडच्या दोनांच्या मागे, मधल्याला एका अंगठ्याचा आधार. बोट बॉलच्या बरोबर मागे हवं. दोन बॉलमधल्या खाचेत घातलंत तर ते पाचरीसारखं काम करतं, दाबाल तेवढे दोघे बाजूला फाकतात. उंचीही बॉलच्या निम्म्यावर. खाली धरलं तर बॉल उचलला जातो. दाब सरळ पुढे, बेताचा. नखं पांढरी पडेपर्यंत नको.

हात काढणं

इथे थांबा. दोन श्वास. दाब तसाच ठेवून, बोटं बॉलवरून सुटू न देता, दाब हळूहळू कमी करत जा. तेलाच्या बुधलीचं बूच काढताना जसं शेवटी सावकाश होतं तसं. बोट झटक्यात उचललं की बॉल त्याच्यामागे येतो.

दाब शून्यावर आला की बोटं बॉलपासून मागे घ्या, पण डोळे शेवटच्या रांगेवर. आणि बघा. आमच्या तिसऱ्या टेबलावर काय होतं ते सांगतो. चार बॉल स्थिर. डावीकडून दुसरा मात्र, बोट निघाल्यावर निमिषभर थांबतो, मग अगदी नाइलाज झाल्यासारखा मागे येतो, जेमतेम मिलिमीटर, आणि थबकतो. त्याच्या मागोमाग पुढच्या रांगेतला एक जरासा हलतो. मग सगळं शांत. वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही, पण रॅकमध्ये हवा शिरली. त्या बॉलच्या खालचा खळगा त्याच्या बुडापासून जरा मागे आहे. बॉल खळग्याच्या काठावर बसला होता, तो तळाशी गेला. हे जो पाहतो त्याला टेबलाचं गुपित कळलं.

बॉल हलले नाहीत असं समजू. आता ट्रँगल काढायचा. सरळ वर उचलायला जाऊ नका. बॉल बाजूच्या दोन्ही दांड्यांना चिकटून असतात, उचलताना त्या घासतात आणि कडेचे बॉल सुटतात. आधी ट्रँगल दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकवा. पुढे सरकला की दोन्ही तिरक्या दांड्या बॉलपासून एकदम सुटतात, आणि मागे बोटांची जागा मोकळी होती, म्हणून मागची दांडी शेवटच्या रांगेला लागत नाही. तिन्ही बाजूंनी थोडी जागा झाली की दोन्ही हातांनी सारखा, सरळ वर. पितळी डब्याचं घट्ट झाकण काढताना एक बाजू आधी उचलली की दुसरी अडकते, तसंच हे. एक बाजू आधी नको.

आता परत टॉर्च. या वेळी रॅकच्या मागून, बॉलच्या उंचीवर, आणि तुमचा डोळा समोरून, ब्रेकच्या बाजूनं. पुढचा बॉल आणि त्याच्या मागचे दोन यांच्यामधून उजेडाची रेघ येते का? काळोख दिसला तर झालं.

उजेड दिसला तर

पहिला उपाय, पुन्हा लावा. निम्म्या वेळा तेवढ्यानं होतं.

दुसऱ्यांदा त्याच जागी फट पडली तर त्या जागेचा बॉल बदला. दोन बॉलची अदलाबदल करा. फट बॉलबरोबर दुसरीकडे गेली तर दोष बॉलचा, माप कमी. फट तिथेच राहिली तर दोष कापडाचा. कापडाचा असेल तर तो बॉल बोटानं किंचित फिरवून काही होत नाही, जरी सगळे तेच करत असले तरी.

खळग्याचा त्रास हा बहुतेक वेळा काठाचा त्रास असतो. बॉल खळग्याच्या बरोबर तळाशी बसला तर तो हलतच नाही, उलट घट्ट बसतो. काठावर असला की घसरतो. म्हणून अख्खा रॅक एखाद-दोन मिलिमीटर पुढे किंवा मागे घेऊन बघा. पुष्कळदा एवढ्यानं सगळे बॉल आपापल्या खळग्यात जाऊन बसतात. नियमानं पुढचा बॉल स्पॉटवरच हवा, त्यामुळे स्पर्धेत हे चालणार नाही. मित्रांत समोरच्याला विचारून चालतं. विचारून मात्र.

उतार असेल तर ज्या बाजूला बॉल पळतात, त्या बाजूचं बोट शेवटी काढायचं. बाकीची बोटं आधी सोडायची, ते एक सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत हळू. एवढ्यानंही कोपऱ्याचा बॉल पळत असेल तर पळू द्या. मघाशी सांगितलं, त्या कोपऱ्यासाठी रात्र घालवायची नाही.

ठोकायचं का?

तुम्ही पाहिलं असेल, एक बॉल रॅकमध्ये ठेवून दुसऱ्या बॉलनं त्याच्या डोक्यावर टकटक ठोकतात. बॉल लगेच बसतो, हलायचं नाव घेत नाही. जादू वाटते. मी दीड वर्ष हेच करत होतो. माझं बघून आणखी चार पोरं करायला लागली. प्रत्येकाचा रॅक जरासा वेगळ्या जागी, म्हणजे प्रत्येकाचे खळगे वेगळे, एकमेकांवर चढलेले. त्या टेबलाच्या स्पॉटभोवती आता आडव्या टॉर्चमध्ये चाळणी दिसते, आणि तिथून सावकाश जाणारा कुठलाही बॉल दारू प्यायल्यासारखा चालतो. मार्कर मला काही बोलला नाही. नवीन मुलगा ठोकायला लागला की मात्र तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणतो, "इनसे पूछो, ठोकने से क्या होता है."

डब्ल्यूपीए ही पूलची जागतिक संघटना; तिच्या नियमांतही बॉल ठोकून बसवू नयेत, त्यापेक्षा रॅकची जागा नीट ब्रश करावी, असाच सल्ला आहे. नवं कापड घातल्यावर जाणकार माणूस साच्यानं, मोजून, एकदाच खळगे पाडतो ती गोष्ट निराळी. ते त्यानं करावं.

नाईन बॉल आणि फिल्म

नाईन बॉलमध्ये नऊ बॉलचा पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार, पुढे एक नंबर, मधोमध नऊ. स्पर्श सोळाच, पण प्रत्येक महत्त्वाचा. त्रिकोणी ट्रँगलमध्ये हा रॅक लावताना मागच्या अर्ध्याला दांड्यांचा आधारच नसतो, सगळी भिस्त बोटांवर. शेवटचा एकटा बॉल आणि त्याच्या पुढचे दोघे, या तिघांना एकत्र दाबा आणि एकत्र सोडा. नवशिक्यानं आधी एट बॉलवर हात बसवावा.

भोकं पाडलेली पातळ प्लॅस्टिकची फिल्म मिळते, ती कापडावर पसरून तिच्या भोकांवर बॉल ठेवायचे. खराब टेबलावर तिच्याइतका सोपा उपाय नाही. भोकाची कड बॉलला धरून ठेवते, काठावरून घसरू देत नाही. ब्रेकनंतर तिच्यावर एकही बॉल नसेल तेव्हा हळूच उचलून घ्यायची. पण रोज त्याच बिंदूंवर बॉल बसत असल्यानं तीही कालांतरानं स्वतःचे खळगे पाडते. स्वतःची फिल्म असेल तर वहीच्या पुठ्ठ्यात सपाट ठेवा. गुंडाळलेली फिल्म पुन्हा सरळ होत नाही.

चारचौघांत

रॅक हरणारा लावतो, ब्रेक जिंकणारा मारतो, ही आपल्याकडची साधी रीत. ब्रेक मारणाऱ्याला रॅक बघायचा हक्क आहे, हात लावायचा नाही. फट दिसली तर "एकदा परत लावतोस का" म्हणावं. समोरचा वयानं मोठा असेल तर "काका, पुढे जरा उजेड दिसतोय" एवढं पुरतं. ते स्वतःच वाकून बघतात. आणि आपण रॅक लावत असू तर मुद्दाम सैल लावू नये, कळतं ते. दोनदा केलं की तिसऱ्यांदा कुणी टेबलावर बोलवत नाही.

ब्रेक झाल्यावर लगेच पुढच्या शॉटकडे न बघता क्षणभर बॉल कसे पसरले ते बघा. पांढरा मधोमध लागला होता, तरी उजवीकडे गठ्ठा राहिला? पुढच्या बॉलचा उजवीकडचा स्पर्श सुटलेला होता. सगळं नीट उघडलं पण मागच्या रांगेतले दोघे हललेच नाहीत? त्यांच्यापुढे फट होती. असं आठ-दहा ब्रेक लक्ष ठेवलंत की त्या टेबलाचा कुठला खळगा त्रास देतो ते टॉर्चशिवाय कळायला लागतं, आणि पुढच्या वेळी कुठलं बोट शेवटी सोडायचं तेही.

ट्रँगल वापरून झाला की टेबलाखालच्या खिळ्यावर अडकवा. दिव्यावर टांगू नका; उन्हाळ्यात प्लॅस्टिक तिथे वाकतं.